तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसाला चालणारं हेल्मेट डोक्याला चालतं का?

“फुटपाथवरचं दोन-तीनशेचं हेल्मेट घेतलं तर चालतंय ना? पोलीस तर काही म्हणत नाहीत.” छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत हा प्रश्न ठरलेला. एप्रिल-मे आला की त्याला शेपूट जोडलं जातं: “मोंढ्यात जाऊन तर यायचंय, त्याला कशाला हेल्मेट?”

शेपटाचं उत्तर आधी. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून थेट खाली आलेलं डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो, मग गाडी जवळपास उभी का असेना. मोंढा घरापासून किती लांब आहे, याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

आता स्वस्त हेल्मेटाचं. बाहेरचं कवच मार पसरवतं आणि घासण्यापासून वाचवतं, पण धक्का खातो तो आतला थर्माकोल. तो दबतो म्हणून डोकं एका झटक्यात न थांबता दोन-अडीच सेंटिमीटरच्या अंतरात थांबतं, आणि मेंदूवरचा ताण कितीतरी कमी होतो. फुटपाथवरच्या मालात बऱ्याचदा हा थरच नसतो. कापडाखाली नुसता स्पंज असतो. अस्तराच्या कडेखाली बोट घालून दाबा. बोट थेट प्लॅस्टिकला भिडलं तर ती टोपी आहे. बांधकामावरची पिवळी टोपीही गाडीवर घालू नका. ती वरून पडणाऱ्या विटेसाठी असते, बाजूने बसणाऱ्या मारासाठी नाही.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली सीएम/एल हा परवाना क्रमांक हवा. स्टिकर काय, कुणीही छापतं. म्हणून दुकानात उभ्या उभ्या तो क्रमांक बीआयएसच्या, म्हणजे हे चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव जुळलं नाही तर हेल्मेट परत फळीवर ठेवा.

एवढं करूनही लोक माप चुकवतात. भुवईच्या बोटभर वरून, डोक्याच्या सगळ्यात रुंद घेरावरून टेप फिरवा. ५८ सेंटिमीटर आलं तर साधारण मध्यम, ६० आलं तर मोठं. नवं हेल्मेट गाल दाबणारंच हवं. मान हलवली की गालाची कातडी त्याच्यासोबत हलली पाहिजे. पट्टा असा आवळा की हनुवटीखाली दोनच बोटं जातील. मग मागची कड धरून हेल्मेट पुढे लोटा. पट्टा लावलेला असतानाही ते डोक्यावरून सुटलं, तर एक माप लहान घ्या. दुकानात दहा मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच जागी दुखलं तर त्याचा आकार तुमच्या डोक्याचा नाही.

मराठवाड्यात घोळ होतो तो उन्हामुळे. ४२-४३ अंशांत डोक्याला जाड रुमाल नाहीतर दस्ती गुंडाळायची आणि वरून हेल्मेट बसवायचं. मग ते वर तरंगतं, पट्टा पुरत नाही, बक्कल मोकळं लोंबतं. पातळ सुती टोपी आत घाला, घाम ती शोषते आणि धुता येते. रुमाल गळ्याला बांधा. आंबाड्याचं आणि केसांच्या मोठ्या चापाचंही तेच. वेणी खाली मानेवर आली तरच हेल्मेट मागून नीट बसतं. काळी काच मात्र दिवसापुरतीच. गळीत हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली साध्या काचेतूनही जेमतेम दिसते. काच ओरखड्यांची असेल तर समोरच्या दिव्यांत ट्रॉली पूर्ण हरवते.

हेल्मेट पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका, कवच आणि थर्माकोल दोन्ही खराब होतात. आरशावर अडकवून ठेवलं की थर्माकोलला आतून खड्डा पडतो. आणि एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी बाद करा. दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

कायद्यालाही पट्टा हवाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट डोक्याला बांधलेलं लागतं, आणि मागे बसणाऱ्यालाही ते घालावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ डी मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र अशी शिक्षा आहे. पण चौकात बघितलं जातं ते फक्त डोक्यावर काहीतरी आहे का एवढंच. पट्ट्याला बोट लावून बघणारा पोलीस विरळाच, आणि माझा खरा राग तिथे आहे.

सक्तीने फरक पडतो, यात वाद नको. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून निघालं आहे. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सक्ती केली आणि बघता बघता रस्त्यावर जवळपास सगळीच डोकी झाकली गेली. मग तिथेही हलक्या नकली टोप्यांचा बाजार फोफावला. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये दंड सुरू झाल्यावर मोटारसायकलींच्या चोऱ्याच घटल्या, कारण मनात आलं की गाडी पळवणाऱ्याकडे हेल्मेट कुठलं!

सायकलींना हाच नियम लावा, असंही काही जण सुचवतात. आपल्या कायद्यात सायकलला सक्ती नाही आणि नसावी. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९० मध्ये ती झाली तेव्हा डोक्याच्या दुखापती घटल्या, पण शाळकरी मुलांनी सायकल चालवणंही बरंच कमी केलं. नेमकं कशामुळे किती घटलं, हा वाद अजून मिटलेला नाही. इथे मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलीवर मुली आठवीपासून बारावीपर्यंत शाळा गाठतात. दंडाच्या भीतीने ती सायकल ओसरीत पडून राहिली तर शाळेचं काय? तिला आधी मागचा लाल रिफ्लेक्टर, चालणारे दोन्ही ब्रेक आणि रस्त्याच्या कडेला खड्डे नसलेली मीटरभर जागा द्या. हेल्मेट घेतलंच तर सायकलचं घ्या: भुवईच्या दोन बोटं वर, आडवं बसणारं, पट्ट्यांची दुबेळकी कानाच्या खाली जुळणारी. मोठ्या भावाचं गाडीचं हेल्मेट तिच्या डोक्यावर सैल होतं आणि मान अवघडवतं.