घुंगरू थांबलं तेव्हा

घुंगरू थांबलं की शेजारचे आजोबा बंदूक सावरतात आणि दबक्या पावलांनी पुढं सरकतात. हेझलला पक्षी सापडला, असा त्याचा अर्थ.

हेझल ही त्यांची पाच वर्षांची इंग्लिश सेटर कुत्री. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, कानांवर रेशमासारखे लांब केस आणि गळ्यात छोटी पितळी घंटा. आवाज अगदी घुंगरासारखा, म्हणून मी तिला घुंगरूच म्हणते. इथं अमेरिकेत, मिनेसोटातल्या डलूथच्या उत्तरेला अ‍ॅस्पेनच्या कोवळ्या झाडांचं रान इतकं दाट असतं की वीस पावलांवरचं कुत्रं दिसत नाही. मालकानं कानानंच त्याच्या मागं राहायचं. ग्राउज हा तपकिरी पक्षी आपल्या गावठी कोंबडीहून लहान, पानगळीत बेमालूम मिसळून जाणारा. त्याचा वास लागला की सेटर जागीच खिळते. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, घंटा गप्प.

मागच्या सप्टेंबरात हंगाम सुरू झाला तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेले. अंगात भडक नारिंगी जाकीट, कारण मिनेसोटात या शिकारीला जाताना कमरेच्या वर असं काहीतरी ठळक घालावंच लागतं. शिकारीची मला आवड नाही. मला कुत्रं काम करताना पाहायचं होतं. पंधरा मिनिटांत घुंगरू थांबलं. आजोबांनी हातानं मला मागं थांबवलं आणि फांद्या बाजूला केल्या. नेच्यांमध्ये हेझल आडवी पडली होती. पक्षी नव्हताच. तिनं आमच्याकडं पाहिलं, शेपूट एकदा हलवली आणि डोकं पुन्हा जमिनीवर टेकवलं. आजोबांनी हाक मारल्यावर उठली, चार पावलं चालली, पुन्हा बसली.

इथल्या रीतीप्रमाणे मी या शेजाऱ्यांना नावानंच हाक मारते, पण मनात ते आजोबाच आहेत. सत्तरी ओलांडलेला हा माणूस परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मीच बिघडवलं तिला. उन्हाळाभर सोफ्यावर झोपू दिलं."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या शिकारी मित्रांचे सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, बंदुकीच्या आवाजाला बिचकली असेल. कुणी म्हणालं, लाड बंद कर, रोज पळव. एकानं घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ केल्या, कारण हेझल मागच्या पायानं किंचित लंगडत होती. माझं मन मात्र जतला जाऊन पोचलं. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांच्याकडं कारवानी कुत्रं होतं. सशामागं वाऱ्यासारखं धावणारी ही जात. शिकारीवर कायद्यानं बंदी आली, तरी अण्णांनी कुत्री पाळणं सोडलं नाही, राखणीला आणि जिव्हाळ्यापोटी. कुत्रं सकाळी मळ्याकडं निघालं नाही, तर अण्णा त्याला कधी ओरडले नाहीत. आधी ओठ वर करून हिरड्या बघायचे, मग कान हातात धरून ताप अजमावायचे, मग पायाच्या बोटांमधल्या बेचक्यांत गोचीड शोधायचे. मी शेजारच्या आजोबांना हे सांगितलं. त्यांनी तिथंच हेझलचा ओठ उचलला. हिरडी फिकट होती.

या कुत्र्यांच्या अंगात कामाची ओढ पिढ्यान् पिढ्या पेरलेली असते. काटा रुतला, नख उखडलं, तरी ती पक्ष्यामागं जातात आणि दुखणं शेवटपर्यंत लपवतात. ती ओढच नाहीशी झाली, तर आजार बराच आत शिरलेला असतो. "आळशी झाली" हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

दवाखान्यात ताप निघाला १०४ फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ च्या दरम्यान असतं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा थेंब घेऊन लगेच होणारी चाचणी केली. हृदयातले जंत आणि गोचिडीतून होणारे लाइम, एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा, हे चारही आजार त्या चाचणीत कळतात. अ‍ॅनाप्लाझ्माचा ठिपका उमटला. हरणांच्या अंगावरची बारीक गोचीड चावून होणारा हा आजार. ताप, सुस्ती, लंगडणं, रक्तातल्या प्लेटलेट घटणं, सगळी लक्षणं जुळत होती. गोचीड किती मोठं संकट आणते, हे आपल्याकडं माकडताप पाहिलेल्या दोडामार्गच्या लोकांना वेगळं सांगायला नको. डॉक्सीसायक्लिन सुरू झालं. हेच औषध आपल्याकडं पुरानंतर लेप्टोवर देतात.

पण ती चाचणी फक्त एवढंच सांगते की त्या जंतूशी कुत्र्याची कधीतरी गाठ पडली होती. आत्ताचं दुखणं त्याचंच, असं ती सांगत नाही. अ‍ॅनाप्लाझ्मा असता, तर एक-दोन दिवसांत कुत्रं टवटवीत झालं असतं. हेझल सहा दिवसांनीही तशीच होती. वजन उतरत होतं. थायरॉइडचा आकडाही कमी आला. सेटरमध्ये थायरॉइडचा आजार पुष्कळ आढळतो, त्यामुळं आजोबांना वाटलं, सापडलं! पण डॉक्टरीणबाई सावध होत्या. त्या म्हणाल्या, कुठल्याही मोठ्या आजारात हा आकडा आपोआप खाली येतो. आणि थायरॉइडचं कुत्रं जाड होतं, हिची तर बरगडी न् बरगडी दिसतेय. हेझल लॅब्रॅडॉर असती, तर आणखी एक शंका घ्यावी लागली असती. त्या जातीत जोरात पळाल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत मागचे पाय लुळे पडण्याचा आनुवंशिक दोष असतो. त्याचं जनुक इथल्याच मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उजेडात आणलं. त्यात कुत्रं सहसा थोड्या वेळानं पुन्हा नेहमीसारखं होतं. हेझल नेहमीसारखी होत नव्हती.

एका रविवारी सकाळी शेजारच्या आजी माझ्याकडं आल्या. "हिचा डोळा बघ." उजवा डोळा लाल, वर धुरकट पडदा. मी तिचा पुढचा पंजा हातात घेतला, तर एका नखाच्या मुळाशी ओलसर फोड, त्यातून रक्ताळलेला स्राव. आणि एक कोरडा, दबका खोकला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी फोडावर काच टेकवली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आम्हालाही दाखवली. जाड, दुहेरी कडेचे गोल थेंब, आणि एका थेंबाला रुंद बुडानं चिकटलेला दुसरा थेंब. ब्लास्टोमायसिस. इथले लोक नुसतं ब्लास्टो म्हणतात. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ठिपके विखुरलेले, हिमवादळाचा फोटो काढावा तसे. डॉक्टरही त्याला हिमवादळच म्हणतात. लघवीचा नमुनाही प्रयोगशाळेला गेला आणि काही दिवसांनी तेच उत्तर आलं.

ही मातीतली बुरशी आहे. नदी-तळ्यांच्या काठची ओली, आम्लधर्मी माती आणि कुजणारं लाकूड हे तिचं घर. मातीत ती तंतूंसारखी वाढते. तिचे बीजाणू श्वासातून आत गेले की अंगाच्या उबेत तिचं रूप पालटतं आणि ती यीस्ट होते. फुप्फुसातून मग डोळा, कातडी, हाडं, कुठंही पसरते. लक्षणं दिसायला कित्येक आठवडे जातात. आजोबांना तेव्हा आठवलं, जुलैत केबिनवर असताना हेझल बीव्हरच्या, म्हणजे पाण्यात लाकडांचं घर बांधणाऱ्या प्राण्याच्या, घरट्याशी तासन् तास नाक खुपसून उकरत होती. १९८४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरजवळ बीव्हरच्या तळ्यावर सहलीला गेलेल्या मुलांना हाच आजार झाला होता. २०२३ मध्ये मिशिगनच्या एस्कनाबात एका कागद कारखान्याशी संबंधित शंभराहून जास्त लोकांना झाला. कुत्रं जमिनीलगत नाक ठेवूनच जगतं, त्यामुळं त्याच्या फुप्फुसात बुरशी सहज शिरते. कुत्र्याच्या खोकल्यातून माणसाला हा आजार होत नाही, पण माती दोघांची एकच. म्हणून डॉक्टरीणबाईंनी आजोबांनाही खोकला, ताप विचारला आणि स्वतःच्या डॉक्टरांना भेटायला सांगितलं. त्यांचा एक्स-रे स्वच्छ आला.

त्या मित्राच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आजोबांनी दिल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिल्या असत्या तर प्रतिकारशक्ती दबली असती आणि बुरशीला रान मोकळं झालं असतं. आजार फार बळावला तर अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन द्यावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. ते नाव ऐकलं आणि मी खुर्चीत बसून राहिले. मे २०२१. सांगलीत मामांना कोविडनंतर काळ्या बुरशीनं गाठलं होतं. तीही वेगळीच बुरशी, पण इंजेक्शन हेच. मी इथून रात्र रात्र फोन करत होते, भाऊ पुण्यातली दुकानं पालथी घालत होता. मामा वाचले, डोळा गेला. हेझलच्या धुरकट डोळ्याकडं मला बघवेना.

नशिबानं तिला श्वासाचा त्रास फार नव्हता, म्हणून इट्राकोनॅझोल या तोंडानं घ्यायच्या औषधावर भागलं. ते रोज जेवणासोबत द्यायचं, किमान चार ते सहा महिने, आणि लक्षणं संपल्यावरही आणखी महिनाभर. पहिले काही दिवस वाईट गेले. बुरशी मरायला लागली की फुप्फुसात सूज वाढते, हे आधीच सांगितलं होतं, तरी तिसऱ्या रात्री आजोबा जमिनीवर तिच्याजवळ झोपले. आजी आणि मी आळीपाळीनं तिचे श्वास मोजत होतो. मिनिटाला किती, ते वहीत लिहीत होतो. पाचव्या दिवशी आकडा उतरला. दहाव्या दिवशी तिनं वाटी चाटून पुसली.

औषध महाग आहे. आजोबांनी हिवाळ्याचा एक प्रवास रद्द केला, त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत. हंगाम संपला, सुपीरियर सरोवराच्या काठावर बर्फ साचला, घुंगरू दाराशेजारच्या खुंटीला लटकत राहिलं. फेब्रुवारीत वजन पूर्ववत झालं. उजव्या डोळ्यानं तिला आता धूसर दिसतं, पण डोळा आहे.

मार्चअखेर बर्फ वितळायला लागल्यावर एका सकाळी आजोबांनी घुंगरू तिच्या गळ्यात बांधलं आणि मागच्या अंगणात सोडलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. घुंगराचा आवाज खिडकीतून येत होता, कुंपणाच्या कडेकडेनं, मग लाकडाच्या ढिगाकडं. आणि अचानक थांबला.

लाटणं हातात घेऊनच मी बाहेर पळाले. पलीकडून आजोबाही चपला न घालता आले होते. हेझल लाकडाच्या ढिगासमोर उभी होती. पुढचा डावा पाय उचललेला, शेपूट ताठ, डावा डोळा ढिगाच्या फटीवर रोखलेला. आत काहीतरी खुडबुडत होतं. आम्ही दोघं हललो नाही.

मग आजींनी आतून हाक मारली. सकाळची गोळी द्यायची राहिली होती.