फांद्या जाळायचा परवाना: मॅसॅच्युसेट्समधला माझा अनुभव

वादळात पडलेल्या मेपलच्या फांद्या परसात रचून ठेवल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समध्ये मनात आलं आणि काडी लावली, असं चालत नाही. उघड्यावर जाळायला मुभा १५ जानेवारी ते १ मे, तीही सकाळी १० ते दुपारी ४ एवढीच. बोस्टन, केंब्रिज, वूस्टर या शहरांत तर पूर्ण बंदी. आमचं गाव लहान, म्हणून अग्निशमन दलाकडून परवाना मिळाला.

अर्ज आणि सही यात फार वेळ गेला नाही. खरी परीक्षा पुढे असते. परवाना खिशात असला तरी ज्या दिवशी जाळायचं त्या सकाळी फोन करून विचारावं लागतं. वारा असला की नकार. सुट्टीचे कितीतरी दिवस असेच गेले, पण त्यांचं बरोबरच होतं. आमच्या मागे पाइनचं दाट रान आहे.

जाळायची जागा कोणत्याही राहत्या घरापासून निदान ७५ फूट लांब हवी. शेजाऱ्यांचं घरही त्यात धरायचं. टेप लावून मोजलं आणि सगळा ढीग कुंपणाकडे ओढत नेला.

मला सगळ्यात पटला तो पानांचा नियम. कोकणात आमच्याकडे सकाळी अंगण झाडलं की पातेरा पेटवायचा, हे ठरलेलं. इथे फांद्या चालतात. पानं, गवत, बुंधे चालत नाहीत. दमट पानं धड पेटत नाहीत, नुसती धुमसतात आणि धूर खाली रेंगाळतो. आजी त्या धुरात खोकत बसायची, ते आठवलं.

शेवटी होकार मिळाला तो बर्फ पडल्यानंतरच्या एका शांत दिवशी. थंडीत बाहेरचा नळ बंद असतो, म्हणून स्वयंपाकघरातून बादल्या भरून नेल्या. फावडं जवळ ठेवलं. छोटा जाळ करून त्यावर एकेक फांदी टाकत गेलो. पेट्रोल-रॉकेल ओतायला सक्त मनाई आहे आणि विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. तीनच्या सुमारास नवी फांदी टाकणं थांबवलं. निखारे पसरले, पाणी ओतलं, ढवळलं, पुन्हा ओतलं. वरून राख काळी दिसत होती, तरी फावडं खुपसल्यावर वाफ येतच होती.

तुम्हाला जाळायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. एप्रिलमध्ये बर्फ गेलेला असतो, जुनं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वारा सुटतो. परवानगी मिळाली तरी मी तेव्हा पेटवणार नाही.