दुनळी खुळखुळते? आधी पिन बघा

पाटण, शिराळा भागात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बारा बोअर दुनळ्या बंदुका अजून आहेत, आणि त्यातल्या कित्येक जुन्या. बंद केल्यावरही नळ्या खुळखुळतात ही नेहमीची तक्रार. त्यावर बोल्ट, म्हणजे बंद केलेल्या नळ्या अडकवून ठेवणारी खिटी, घट्ट करून घेणं हा इलाज चुकीचा आहे. बोल्ट नळ्यांना खाली धरून ठेवतो, मागे ओढून धरत नाही. बार उडताना नळ्या पुढे सरकू पाहतात, तो जोर पेलतो नळ्यांखालचा आकडा आणि तो जिच्यात अडकतो ती बिजागरीची पिन. झीज होते ती तिथेच. वाळलेलं ग्रीस, त्यात बसलेली लाल धूळ आणि बंदूक झटक्यात बंद करायची सवय, एवढं तिला पुरतं. 65 मिमी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, 70 मिमीची काडतुसं घातली तर दाब वाढतो, तो धोका वेगळाच.

तपासताना दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे बोट घालून बघा. मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा, कारण त्याची स्प्रिंग ढिलेपणा झाकते. बंदूक बंद करून उजेडासमोर धरा. नळ्यांचं मागचं तोंड आणि अॅक्शनची (नळ्या जिला जोडतात त्या पोलादी चौकटीची) उभी भिंत यांच्यात उजेडाची रेघ दिसली किंवा फट मोजायच्या फीलर गेजची 0.05 मिमीची पाती सहज शिरली, तर सांधा सुटलाय. उडवलेल्या काडतुसाची टोपी बुडाबाहेर आलेली दिसली, तरी संशय तोच.

दुरुस्ती फक्त परवानाधारक कारागिराकडेच, 1959 चा शस्त्र कायदा तेच सांगतो. पिन निघण्यासारखी असेल तर किंचित जाड पिन बसवतात. अॅक्शनमधूनच कोरलेली असेल तर आकड्याला पोलादाचा तुकडा जोडावा लागतो. इथे वेल्डिंगची घाई नडते: उष्णता वर चढली की नळ्यांमधल्या पट्टीचं सोल्डर वितळतं.

पुढचं सगळं काम काजळीवर. चिमणीची काजळी चालते, कापराची आणखी बारीक बसते. ती एकमेकांना टेकणाऱ्या भागांवर लावून नळ्या बंद करायच्या, उघडायच्या. जिथे काळं दबून धातू चकाकतो तेवढाच उंचवटा बारीक कानशीने एक-दोन हात घासायचा. पुन्हा काजळी, पुन्हा बंद. आधी आकडा आणि पिन, मग मागचं तोंड, मग नळ्यांखालची सपाटी, बोल्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की आधी जुळवलेलं पुन्हा बिघडतं. तोंडावर कानशीचा एक हात जास्त पडला तर अंतर परत उघडतं, आणि काम पिनेपासून सुरू.

कुपवाडच्या लेथवर हवी तितकी अचूक पिन होईल, पण आकडा तिच्यावर पूर्ण टेकवणं हाताचंच काम आहे. आकडा ठोकून फुगवून देणाऱ्याला बंदूक देऊ नका. फुगवलेली कड पहिल्या काही बारांतच दबते आणि नीट जोड द्यायला धातूही कमी उरतो. दुरुस्तीनंतर पुढचं लाकूड काढून तीच उजेडाची चाचणी कारागिरासमोर करा, घोडे चढवून एकदा आणि उतरवून एकदा.