डी ड्राइव्ह आधीच गेला होता

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फेब्रुवारीत द्राक्षाच्या पॅकहाउसमधून (जिथे एक्स्पोर्टची द्राक्षं पेट्यांत भरतात) सकाळी सकाळी फोन आला, की कंटेनर अडलाय असं समजायचं. ओझरच्या पुढे, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमचे एक शेठ आहेत. म्हणाले, "भाऊ, तुम्ही सगळ्यांना एसएसडी घ्या, एसएसडी घ्या सांगता. घेतली. गेली पण. आता या."

ती एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी येणारी नवी वेगवान डिस्क, मी दिलेली नव्हती. त्यांच्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन मागवून, स्वतःच बसवून विंडोज 11 टाकलं होतं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हापासून घरोघरी असे इंजिनिअर तयार झालेत. पोराचं काम वाईट नव्हतं, हे मात्र आधीच सांगतो.

ऑफिसात पोचलो तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. म्हणजे कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं, ते मशीनला सापडत नाही. बाहेर पेट्या भरणं चालू. संध्याकाळी रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर न्हावा शेवा बंदराला निघणार आणि पॅकिंग लिस्ट या पीसीच्या डब्यात अडकलेली. रात्री लाइट गेली, यूपीएसने दम सोडला आणि सकाळी मशीन उठलंच नाही, एवढीच हकीकत.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, गेलो. एसएसडी नाव-नंबरासकट, पूर्ण क्षमतेने दिसत होती. मेलेली डिस्क सहसा अशी दिसत नाही. दिसत नव्हती ती जुनी 1 टीबी हार्डडिस्क, म्हणजे विंडोजमधला डी ड्राइव्ह. शेठ म्हणाले, "तिचं काय घेऊन बसलात? तिच्यात फक्त जुने फोटो अन् मागची बिलं."

कोपऱ्यातून ऑपरेटर ताई म्हणाल्या, "दादा, डी ड्राइव्ह तर आधीपासूनच दिसत नव्हता. मला तो लागत नाही, म्हणून बोलले नाही."

मग सगळं जुळलं. विंडोजचा सेटअप नव्या डिस्कवर चालवताना जुनी डिस्क जोडलेली राहिली, आणि तिच्यावर आधीच ईएफआय पार्टिशन (मशीन चालू करणाऱ्या फाइल्सचा वेगळा कप्पा) असलं, की सेटअप बहुतेक वेळा तेच वापरतो. विचारतसुद्धा नाही. विंडोज सगळं नव्या एसएसडीवर जातं, पण चालू करणाऱ्या बूट फाइल्स जुन्या डिस्कवरच्या त्या छोट्याशा पार्टिशनमध्ये बसतात. दोन्ही डिस्क धड असेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. शेठना म्हटलं, घर नवीन बांधलंत, पण किल्ली जुन्या घराच्या खुंटीला.

बरं, ते पार्टिशन लागतं फक्त मशीन चालू होताना. सीझनमध्ये हा पीसी कधी बंदच होत नाही. त्यामुळे हार्डडिस्क गेल्यावरही काम बिनबोभाट चालू राहिलं, आणि लाइट गेली तेव्हा बिंग फुटलं.

भाचा तोवर फोनवर होता. म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू का सांगा, मी येतो." फॉरमॅट अजिबात मारायचा नव्हता. हिशेबाचा सगळा डेटा एसएसडीवर शाबूत होता.

हार्डडिस्कची केबल काढून ठेवली. विंडोजचा पेनड्राइव्ह लावला. कशावरून चालू व्हायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूत तो दोनदा दिसतो, एक साधा (जुन्या पद्धतीचा) आणि एक पुढे यूईएफआय (नव्या पद्धतीचा) लिहिलेला. दुसरा घेतला. सेटअपच्या पहिल्याच पानावर शिफ्ट आणि एफ10 दाबलं की कमांडची काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची विंडोजची कमांड, चालवून आधी डिस्कची यादी पाहिली. जीपीटीच्या रकान्यात फुली होती, म्हणजे डिस्कची मांडणी यूईएफआयला चालणारी, ती बदलायची भानगड नाही. सी ड्राइव्हमधून 500 एमबी कापले, त्या जागेत ईएफआय पार्टिशन केलं, त्याला लागणाऱ्या फॅट32 पद्धतीने फक्त तेवढंच फॉरमॅट करून त्याला एस हे अक्षर दिलं. मग बीसीडीबूट कमांडने विंडोजच्या फोल्डरमधून बूट फाइल्स तिथे उतरवल्या. एक काळजी घ्यावी लागते. पेनड्राइव्हवरून चढल्यावर अक्षरं बदलू शकतात, तुमचा सी तिथे डी म्हणून बसलेला असतो. डीआयआर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोजचा फोल्डर डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड. पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट. विंडोजचा लोगो आला तशा ताई खुर्ची ओढून बसल्याच. मी त्यांना थांबवून पीसी पूर्ण बंद केला, प्लग काढला आणि पुन्हा चालू करून दाखवला. शेठचा विश्वास बसायला तेवढं लागणार होतंच.

पॅकिंग लिस्ट प्रिंट झाली. बिलावरून मात्र नेहमीचं नाट्य झालं. "नवीन तर काहीच बसवलं नाही, मग पैसे कसले?" मी म्हटलं, शेठ, नवी एसएसडी घ्यायला लागली असती तर किती गेले असते? हसले आणि दिले. वर दोन किलो द्राक्षं, एक्स्पोर्टमधून बाद झालेली, पण गोडीला तोड नाही.

जुनी हार्डडिस्क घेऊन आलोय. वीज दिली की टक टक करते आणि थांबते. मी ती उघडणार नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाईल. फोटोंसाठी तेवढा खर्च करायचा का, हे शेठ आणि शेठाणीबाईंनी मिळून ठरवायचं आहे.