लॉग ५ : ७८० नॅनोसेकंदावरचा सुळका

मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नाही, चवथीचे पाहुणे आणि वर फोंड्यातला पाऊस, लाईट दिवसातून चारदा जाते, रात्री डाऊनलोड लावून झोपलं की सकाळी फाईल अर्धीच. पण ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणीचा थोडा डेटा शेवटी उतरला. शोधतोय तो विश्वाच्या बालपणीच्या हायड्रोजनचा अंधुक रेडिओ सिग्नल.

सुरुवात ३० मीटरच्या बेसलाईनपासून (दोन अँटेनांमधलं अंतर), व्हिजिबिलिटीचं, म्हणजे त्या दोघांच्या सिग्नलच्या गुणाकाराचं, फ्रिक्वेन्सीच्या दिशेनं एफएफटी (फूरियर रूपांतर), म्हणजे डिले स्पेक्ट्रम: सिग्नल दोघांना किती नॅनोसेकंद मागेपुढे मिळाला त्याप्रमाणे त्याची ताकद. ३० मीटर जायला प्रकाशाला १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणून आकाशातलं फ्रिक्वेन्सीनुसार सावकाश बदलणारं काहीही, अगदी क्षितिजावरचंसुद्धा, ±१०० च्या आतच पडणार (विंडोमुळे थोडं बाहेर सांडतं ते सोडा). तसंच आलं. मधे डोंगर आणि दोन्ही कडांना शिंगं, कारण क्षितिजाकडून बघितलं की बेसलाईन आखूड दिसते आणि आकाशगंगेचा पसरट उजेड तिच्यात परत शिरतो. वाईड-फील्डची कटकट ती हीच.

हायड्रोजनचा सिग्नल मात्र फ्रिक्वेन्सीनुसार झरझर बदलतो, तो या हद्दीबाहेरही दिसू शकतो. आणि ७८० वर सुळका! रात्रीचा दीड, बायकोला उठवायचंच बाकी होतं. मग बघतो तर १५६० वर दुसरा, २३४० वर तिसरा. हायड्रोजन काय शाळेच्या प्रार्थनेसारखा रांगेत उभा राहतो होय? १ भागिले १.२८ मेगाहर्ट्झ केलं, ७८१ नॅनोसेकंद. झालं, उतरली सगळी. एमडब्ल्यूएचे कोर्स चॅनेल (बँडचे मोठे तुकडे) १.२८ मेगाहर्ट्झचे, प्रत्येकाच्या कडा मीच फ्लॅग करून, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढून, तिथे शून्य भरलेले, म्हणजे कंगवा मीच बनवला. आकाश शेकडो केल्विनचं आणि आपल्याला हवंय ते काही मिलिकेल्विनचं, एवढीशी गळतीसुद्धा पुरते बुडवायला.

आता खरगपूरवाल्या भारद्वाज-चौधुरींच्या टेपर्ड ग्रिडेड एस्टिमेटरची, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या त्यांच्या पद्धतीची, वाट धरलीय. आधी दोन-दोन फ्रिक्वेन्सींचा कोरिलेशन काढायचा, त्यांच्यातल्या अंतराप्रमाणे सरासरी घ्यायची, फूरियर सगळ्यात शेवटी. प्रत्येक कोर्स चॅनेलमधल्या ३२ बारीक चॅनेलांपैकी काही गेले तरी प्रत्येक अंतराची जोडी कुठेतरी सापडतेच, त्यामुळे शून्य भरायची भानगडच नाही. शिवाय व्हिजिबिलिटीचा स्वतःशीच गुणाकार वजा होतो, तेव्हा नॉइजचा फुगवटापण जातो. फुकट काही नाही, एकूण ७६८ बारीक चॅनेल, म्हणजे ७६८ गुणिले ७६८ जोड्या, लॅपटॉप पंख्यासकट विमानासारखा ओरडतो.

काल दोन मिनिटांच्या डेटावर चालवलं. ७८० चा सुळका बसला, १५६० वर अजून बारीक टेंगूळ आहे, बहुतेक बँडपास कॅलिब्रेशनचं (फ्रिक्वेन्सीनुसार यंत्राची संवेदनशीलता बदलते, तिची दुरुस्ती). टेपर, म्हणजे आकाशाच्या कडा दाबणारं वजन, अजून लावलेला नाही, शिंगं तशीच. तेवढ्यात इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला.