मोनो पर्कचं माहेर

सांगलीच्या मामांनी छतावर सोलर बसवायचं ठरवलंय. सूर्यघर योजनेची सबसिडी मिळतेय, तेव्हा त्यांनी दोन-तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवली आणि फोटो मला पाठवले. "तू तिकडं सोलरमध्येच आहेस ना, बघ जरा." एकावर ठळक अक्षरात ‘मोनो पर्क’ लिहिलेलं. हे पर्क, म्हणजे सोलर सेलची एक रचना, जिथे जन्मलं, तिथेच मी काम करते: सिडनीतलं न्यू साउथ वेल्स विद्यापीठ.

सोलरवाली म्हणजे दिवसभर उन्हात, असं घरी सगळ्यांना वाटतं. खरं तर मी नखशिखांत पांढऱ्या सूटमध्ये बंद खोलीत असते आणि ऊन दिसतं ते जेवायच्या सुट्टीत. हातात येतो तो सिलिकॉनचा राखाडी वेफर, म्हणजे पातळ चकती, जाडीला पाव मिलिमीटरही नाही. तो गरम कॉस्टिक अल्कलीत सोडला की पृष्ठभागावरून बारीक बुडबुडे निघायला लागतात. बाहेर काढावा तर चकाकी गेलेली, रंग काळपट. सिलिकॉन कोरलं जाऊन त्यावर काही मायक्रॉन उंचीचे पिरॅमिड तयार झालेले असतात. एकावरून उडालेला प्रकाश शेजारच्यावर पडतो आणि आत शिरतो. कोरं सिलिकॉन एक तृतीयांश प्रकाश परत फेकतं, पिरॅमिड झाल्यावर तेच साधारण दहा टक्क्यांवर येतं. मग आठशे अंशांच्या वरच्या भट्टीत फॉस्फरस मुरवायचा आणि शेवटी 75 नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉन नायट्राइडचा थर द्यायचा. सेल निळा दिसतो तो या थरामुळे.

मधल्या धुलाईला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं. तिथे एकट्यानं उभं राहायचं नाही, हा नियम. हे ॲसिड कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम ओढतं, आणि पातळ असेल तर लगेच आगसुद्धा होत नाही. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवंच. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तर पर्क. जुन्या सेलच्या पाठीला सगळीकडे ॲल्युमिनियम चिकटलेलं असायचं आणि तिथवर पोचलेले इलेक्ट्रॉन वाया जायचे. मार्टिन ग्रीन यांच्या इथल्या गटानं मध्ये संरक्षक थर घातला आणि धातू फक्त बारीक भोकांतून टेकवला. 1989 मध्ये या सेलनं 22.8 टक्के कार्यक्षमता गाठली. कारखान्यांनी ते सर्रास उचलायला मात्र पंचवीसेक वर्षं लावली. आता कारखाने टॉपकॉन या त्यापुढच्या प्रकाराकडे वळलेत. मामांना म्हटलं, परवडत असेल तर तेच घ्या, पण आधी पाण्याच्या टाकीची सावली कुठं पडते ते बघा.

माझा नवरा याच विद्यापीठात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये आहे. बिंदू, रेषा, जाळी. सामान म्हणजे फळा आणि मार्कर. "पण याचा उपयोग काय?" हे लग्नकार्यात त्यालाच विचारतात, मला कधीच नाही. मला राग येतो. 1989 मध्ये पर्कचा तरी बाजारात कुणाला उपयोग होता? तो स्वतः मात्र उपयोग होईलच असा दावा करत नाही.

त्याच्या विषयाचं इथलं मोठं नाव म्हणजे जॉर्ज सेकेरेश. 1930च्या दशकात बुडापेस्टमध्ये एस्थर क्लाइन या तरुणीनं दाखवलं, की कुठलेही तीन एका रेषेत नसलेले पाच बिंदू कसेही टाका, त्यातल्या चारांचा बहिर्वक्र, म्हणजे कुठलाही कोपरा आत न दबलेला, चौकोन मिळतोच. पुढे काय, म्हणजे जास्त कोनांच्या अशा आकृतीला किती बिंदू लागतील, या प्रश्नावर सेकेरेश आणि त्यांचे गणितज्ञ मित्र पॉल एर्डोश यांनी 1935 मध्ये लेख लिहिला. सेकेरेश-क्लाइन यांचं 1937 मध्ये लग्न झालं, म्हणून एर्डोशनी त्याला ‘हॅपी एंडिंग प्रॉब्लेम’ म्हणायला सुरुवात केली. हे ज्यू जोडपं शांघायमार्गे 1948 मध्ये ॲडलेडला पोचलं, 1963 मध्ये सेकेरेश आमच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. 28 ऑगस्ट 2005 रोजी दोघंही तासाभराच्या अंतरानं गेले.

पंचकोनाला नऊ बिंदू लागतात. षट्‌कोनाला सतरा, हे सेकेरेश आणि लिंडसे पीटर्स यांनी कॉम्प्युटरच्या मदतीनं सिद्ध केलं. तो लेख छापून आला 2006 मध्ये. सप्तकोनाला 33 लागावेत असा अंदाज आहे, सिद्ध कुणी केलेलं नाही.

"तू का नाही बघत?" मी नवऱ्याला विचारलं.

"आधी नोकरी पक्की होऊ दे," म्हणाला.