काळ्या पद्मिनीचं बोनेट

काळा रंग म्हटला की गाड्या रंगवणारा मेस्त्री जरा सावरून बसतो. पांढऱ्या गाडीत पुट्टीचा उंचसखलपणा, पेपरचे ओरखडे सगळं खपून जातं. काळ्यावर काही लपत नाही. त्यात ही सरांची गाडी, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी, आणि ती दसऱ्याआधी हवी होती. खरं तर या जुन्या गाड्यांना वेगळं क्लिअर (रंगावरचा पारदर्शक चमकदार थर, लोक त्याला लॅकर म्हणतात) नसायचंच, एका रंगातच सगळं भागायचं. पण सरांनी जावयाची नवी गाडी बघितली होती. "मेस्त्री, लॅकर मारा. बोनेटमध्ये तोंड दिसलं पाहिजे."

कोल्हापुरात त्या दिवसांत हवा ओलीच असते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचं आणि लाइनचा, हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप तपासायचा, हा उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजातला नेम. सरफेसर, म्हणजे रंगाखालचा सपाटीचा थर, ८०० च्या पेपरने पाणी मारून घासला, वर बेस, म्हणजे काळा रंग, मारला. बेस वाळला की अगदी मंद दिसतो. सर नेमके तेव्हाच बूथचं, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीचं, दार उघडून आत आले आणि त्यांचा चेहराच पडला.

"हे असंच राहणार?"

"थांबा की ओ सर, चमक अजून डब्यातच आहे."

ते गेल्यावर क्लिअर कालवलं. दोनास एक हार्डनर, स्प्रेगनला १.३ मिमीचं नोझल, तोंडाला फिल्टरचा मास्क. (रुमाल बांधून क्लिअर मारणारे अजून दिसतात. हार्डनरमधलं आयसोसायनेट रुमालाला जुमानत नाही.) हात वीतभर अंतरावर, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. दारं आणि मडगार्ड सुरेख आली. बोनेटवर आलो आणि ओलं क्लिअर डोळ्यांदेखत फाकायला लागलं. मोहरीएवढे गोल खड्डे, कडा उचललेल्या, तळाशी बेस उघडा. फिशआय!

पोरगा म्हणाला, "लाइनीत पाणी आलं असंल." पण गन तीच, हवा तीच, मग दारं कशी वाचली? टप बघितला, डिकी बघितली, तिथंही खड्डे. आडव्या भागांवर आहेत, उभ्यांवर नाहीत. म्हणजे गाडीच्या अंगात काही नव्हतं, वरून काहीतरी येऊन बसलं होतं. बाहेर येऊन बघतो तर शेजारच्या जागेत एकजण आपल्या गाडीच्या टायरला चमक येण्याचा स्प्रे फुसफुस मारत होता. त्यात सिलिकॉन. बूथचं दार उघडं होतं तेवढ्यात त्याचे कण हवेतून आत आले आणि बेसवर बसले. त्याला विचारलं तर, "टायरलाच मारलाय की!"

अशा वेळी बरेचजण वरून जाड हात देऊन खड्डे बुजवायला जातात. ते बुजत नाहीत. वर क्लिअरचा ओघळ सुटतो तो वेगळाच. मी गन ठेवली. बूथ ६० अंशांवर चालवून होतं ते कडक होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी वरचे तिन्ही भाग सिलिकॉन रिमूव्हरने पुसले, मगच घासले आणि घासून झाल्यावर परत पुसले. दोन फडकी लागतात. एकाने ओलं करायचं आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं, नाहीतर सिलिकॉन नुसतं पसरतं. परत बेस, परत क्लिअर. या खेपेला बूथच्या दाराला आतून कडी.

पुढचं काम सबुरीचं. १५००, २०००, ३००० असे पेपर पाण्यातून फिरवले, मग लोकरीच्या पॅडवर कंपाउंड. कडांना पॅड टेकवायचा नाही, तिथं थर पातळ असतो, क्षणात बेस उघडा पडतो. मग माझी नेहमीची परीक्षा: छतावरच्या ट्यूबलाइटची बोनेटमध्ये दिसणारी कड. ती थरथरली तर वर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहिलाय. थरथरली नाही.

सर न्यायला आले तेव्हा बोनेटमध्ये बघून आधी टोपी सारखी केली. सूचना ऐकताना मात्र अडले. महिनाभर वॅक्स-पॉलिश काही नको, हे पटलं. हाराला चिकटपट्टी नको, हेही पटलं.

"आणि खंडेनवमीला बोनेटवर हळदकुंकू नको सर, डाग धरेल. काचेवर लावा."

"तुम्हीच फोन करून सांगा आमच्या हिला," सर म्हणाले, "मी नाही सांगत."